ग्रँड आयलंडच्या हिरव्या पाण्यात खरे रंग कसे टिपावेत?

झुवारीकाठ

पाण्याखालच्या छायाचित्रणाविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, ते बहुतेक अंदमान आणि लक्षद्वीपच्या नितळ निळ्या पाण्याला धरून लिहिलेले असते. गोव्यात आपल्या वाट्याला येणारे पाणी तसे नाही. मुरगाव बंदराबाहेरच्या ग्रँड आयलंडभोवती साधारण ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत डायव्हिंग चालते. दिवस चांगला असेल तर सात-आठ मीटरपर्यंतचे दिसते, नसेल तर तीन मीटरवरचा सोबतीही पुसट होतो, आणि पाण्याचा रंग हिरवा, काही दिवशी तर पिवळसर हिरवा असतो.

मला तेथील माशांची आणि प्रवाळांची सचित्र नोंदवही तयार करायची आहे. चित्र मनोहर दिसावे एवढीच अपेक्षा असती तर संगणकावर थोडी खटपट करून काम भागले असते. परंतु नोंदवहीत रंग खरा हवा, कारण जवळजवळच्या जाती वेगळ्या ओळखताना पट्टा पिवळा की नारिंगी आणि ठिपका तपकिरी की लाल यावर बरेच काही अवलंबून असते. माझ्याकडे हाउसिंगमध्ये, म्हणजे जलरोधक पेटीत, बसवलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा, एक लाल फिल्टर आणि लहान व्हिडिओ लाइट आहे. फिल्टर लावला की खडक जांभळट आणि मागचे पाणी राखाडी येते, काढला की सगळेच शेवाळी दिसते. आठ मीटरवर तांबोशीसुद्धा मातकट होते, आणि तांबोशीचा रंग कोणता हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही.

लाल फिल्टर आपल्याकडे का चालत नाही, आणि मुळात पाण्याखाली 'खरा रंग' कशाला म्हणायचे, या दोन गोष्टींवर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

प्रकाशमापक

पाण्यात लाल रंग नाहीसा होतो असे सगळेच म्हणतात, पण किती आणि कशामुळे, हे एकदा आकड्यांत पाहिले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांच्या कंपनांमुळे लाल प्रकाश शोषला जातो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश घेतला, तर शुद्ध पाण्याच्या दर मीटरमागे त्यातला सुमारे २९ टक्के भाग जातो. पाच मीटर पाणी ओलांडल्यावर त्यातला साधारण १८ टक्के उरतो, दहा मीटरनंतर तीन-साडेतीन टक्के. त्याच दहा मीटरांत ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचा अर्ध्याहून अधिक आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग शिल्लक असतो.

आता येथे बहुतेकांची एक गफलत होते. हे मीटर खोलीचे नाहीत, प्रकाशाने पाण्यातून कापलेल्या एकूण अंतराचे आहेत. सूर्यप्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत येतो आणि माशावरून परतून भिंगापर्यंत जातो; हिशेबात दोन्ही टप्पे धरावे लागतात. मासा पाच मीटर खोल असेल आणि तुम्ही त्याच्यापासून दोन मीटरवर असाल, तर वाट सात मीटरांची होते आणि लाल प्रकाश नऊ टक्क्यांवर येतो. तोच मासा अर्ध्या मीटरवरून टिपला, तर वाट साडेपाच मीटरांची होते आणि लाल पंधरा टक्के मिळतो. खोलीवर आपला इलाज नसतो, कारण मासा जेथे आहे तेथेच असतो. अंतर मात्र आपल्या हातात असते.

हे झाले शुद्ध पाण्याचे. ग्रँड आयलंडच्या पाण्यात मांडवी आणि झुवारी यांनी आणलेला बारीक गाळ असतो, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून उतरलेले विरघळलेले सेंद्रिय पदार्थ असतात आणि वनस्पतिप्लवक असतात. ते सेंद्रिय पदार्थ निळा प्रकाश खातात. प्लवकांतले हरितद्रव्य निळाही खाते आणि लालही. वर्णपटाची दोन्ही टोके अशी छाटली गेली की मधला हिरवा तेवढा उरतो. स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ निल्स येरलोव यांनी १९५१ मध्ये समुद्राच्या पाण्याची प्रकाशाच्या हिशेबाने जी वर्गवारी मांडली, तिच्यात खुल्या महासागराचे पाणी आणि किनाऱ्याचे पाणी वेगवेगळ्या गटांत आहे ते याचमुळे. किनाऱ्याच्या पाण्यात सर्वांत दूर जाणारा प्रकाश हिरव्याकडे सरकलेला असतो.

लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी बनवलेला आहे. तो लाल रंग निर्माण करत नाही. भरपूर असलेला निळा आणि काही प्रमाणात हिरवा अडवून लालाशी त्यांचे प्रमाण जुळवतो. आपल्या पाण्यात निळा आधीच तुटपुंजा असतो, आणि फिल्टर उरलासुरला निळाही कापून टाकतो. मग कॅमेऱ्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगांचे प्रमाण जुळवणारी सोय, लाल आणि निळा दोन्ही ओढूनताणून वर आणते, आणि तुमचे खडक जांभळे होतात. हिरव्या पाण्याला हिरवा अडवणारा फिल्टर हवा, म्हणजे मॅजेंटा (जांभळट गुलाबी). तोही सरसकट घ्या असे मी म्हणणार नाही. असा फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश गिळतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). तीन मीटरच्या व्हिझिबिलिटीत, ढगाळ दिवशी, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो लावला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) एवढा वाढवावा लागतो की रंगाचे दाणेच हाती लागतात.

'खरा रंग' कशाला म्हणायचे, हे चित्र कशासाठी हवे यावर ठरते. त्या खोलीवर पाणबुड्याला दिसले ते खरे मानायचे, तर हिरवट चित्र चूक नाहीच. त्यातही माणसाचा मेंदू हिरवेपणा बराचसा वजा करतो आणि कॅमेरा करत नाही, हा भाग वेगळा. माशाला उन्हात, मध्ये पाणी नसताना पाहिले असते तर जो दिसला असता तो रंग खरा मानायचा, तर पाण्याचा परिणाम काढून टाकावा लागतो. जात ओळखण्यासाठीच्या नोंदवहीला हा दुसरा अर्थच उपयोगाचा आहे, आणि तुम्ही तो नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा असे मी सुचवीन.

रापणकार

वरचे विवेचन आवडले, परंतु तांबोशीचा दाखला मला पटत नाही. आमच्या घरात मासेमारी पिढ्यान्पिढ्या आहे, म्हणून थोडे लिहितो.

मडगावच्या किंवा पणजीच्या बाजारात बर्फावर दिसणारी तांबोशी हा जिवंत तांबोशीच्या रंगाचा पुरावा नव्हे. माशाच्या कातडीतल्या रंगपेशी आकुंचन आणि प्रसरण पावतात. पकडला गेल्यावर, मरताना, आणि मेल्यानंतर बर्फात पडून राहिल्यावर त्याचा रंग बदलतच जातो. गोबरा तर जिवंतपणीच पाहता पाहता अंगावरचे गडद डाग फिकट करतो किंवा अधिक गडद करतो. कित्येक मासे दिवसा एका रंगाचे आणि रात्री खडकाच्या कपारीत दुसऱ्याच रंगाचे असतात. पोपटमाशांत नर, मादी आणि पिल्ले यांचे रंग इतके वेगळे असतात की पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांना वेगवेगळ्या जाती मानले होते. बाजारातला रंग डोळ्यांपुढे ठेवून चित्र लाल करत गेलात, तर तुम्ही पाण्याचा दोष काढून त्या जागी आठवणीचा दोष बसवाल.

दुसरी गोष्ट बांगड्याची. बांगडा, तारली यांसारख्या चंदेरी माशांच्या कुशीवर खवल्यांखाली जे थर असतात, ते आरशासारखे काम करतात. हिरव्या पाण्यातला बांगडा हिरवट दिसतो तो पाण्यामुळे झालेला रंगदोष आहे की त्याच्या अंगावर खरोखर हिरवे पाणीच प्रतिबिंबित झाले आहे? संगणकावर तो हिरवेपणा पुसला तर मासा राखाडी होतो, आणि जिवंत बांगडा राखाडी मुळीच नसतो. अशा माशांसाठी प्रकाशमापक यांचा दुसरा अर्थ कसा लावायचा?

प्रकाशमापक

रापणकारबाब, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि चंदेरी माशांबाबत तर माझी व्याख्या लंगडीच पडते. ज्या पृष्ठभागाचा स्वतःचा रंग जवळजवळ नाही आणि जो भोवतालचा प्रकाश परतवतो, त्याचा 'उन्हातला रंग' भोवताल बदलला की बदलणारच. अशा माशांच्या नोंदीत पाठीवरचे पट्टे आणि कल्ल्याजवळचे ठिपके यांचा आकार, रचना आणि जागा यांना महत्त्व द्यावे, कुशीच्या रंगाला नाही. मात्र प्रवाळ, स्पंज, कपारीतले गोबरे, सिंहमासे, समुद्री गोगलगायी यांचा रंग बहुतांशी रंगद्रव्याचा असतो, आणि तेथे माझा मुद्दा टिकतो. माशाची वेळ, खोली आणि वर्तन यांची नोंद रंगाच्या शेजारी असावी हे तुमच्या प्रतिसादातून मी उचलतो.

अबोली

आता प्रत्यक्ष पाण्यात काय करावे याविषयी. मी ग्रँड आयलंडला आणि कधी मुरुडेश्वरहून नेत्राणीला छायाचित्रण करते. दोन्हीकडच्या पाण्यात फरक असला तरी पद्धत एकच ठेवते.

झुवारीकाठ यांच्या कामासाठी मी सूर्यप्रकाश सुधारत बसण्यापेक्षा स्वतःचा प्रकाश बरोबर नेण्याचा सल्ला देईन. स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखाली वापरायच्या फ्लॅशचा, प्रकाश दिवसाच्या उन्हाजवळचा, सुमारे ५५०० केल्विनचा असतो आणि त्याची पाण्यातली वाट फक्त स्ट्रोबपासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत एवढीच असते. वर दिलेलाच हिशेब वापरायचा तर अर्ध्या मीटरवरून टिपलेल्या चित्रात एकूण वाट मीटरभराची होते आणि ७० टक्क्यांहून अधिक लाल प्रकाश परत मिळतो, मग तुम्ही चार मीटर खोल असा किंवा चौदा. तेच अंतर दोन मीटर केले की अंतराच्या वर्गाच्या नियमाने प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि त्यावर पाण्याची कात्री चालते. दोन्ही मिळून लाल प्रकाश जवळजवळ चव्वेचाळिसाव्या हिश्श्यावर जातो. म्हणून स्ट्रोब आहे तर लांबूनही रंग येईल, ही समजूत सोडून द्यावी. गोव्यात हाताच्या अंतरापलीकडच्या विषयावर स्ट्रोब चालवला की माशाआधी गाळाचे कण उजळतात, आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात.

ते ठिपके टाळण्यासाठी स्ट्रोब भिंगाच्या शेजारी ठेवू नये. स्ट्रोब धरणारे दोन्ही बाहू बाजूला पसरून, स्ट्रोब कॅमेऱ्याच्या थोडे मागे घेऊन किंचित बाहेरच्या दिशेला वळवावेत. प्रकाशाच्या झोताची कड तेवढी माशावर पडली पाहिजे, मधला झोत भिंगासमोरच्या पाण्यातून जाता कामा नये. सुरुवातीला चित्रे अंधारी येतात, पण दोन-तीन बैठकांत कोन हाताला कळू लागतो. मासा लहान असेल तर मॅक्रो भिंग, मोठा असेल तर हाउसिंगवर पाण्यातच बसवता येणारे वाइड अँगल भिंग, कारण वाइड भिंगामुळे मोठा विषयही जवळ जाऊन चौकटीत मावतो. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी माझ्या मते फिल्टरपेक्षा हे भिंग अधिक मोलाचे आहे.

व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवू नये. स्ट्रोब असेल तर दिवसाच्या प्रकाशाचे ठरावीक मूल्य ठेवावे आणि चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, घ्यावे. मागचे पाणी हिरवे येईल. येऊ द्यावे. ते पाणी हिरवेच आहे, आणि ते निळे करून ग्रँड आयलंडला मालदीवचे रूप देण्याची काही लोकांना हौस असते, तिच्याशी नोंदवहीला कर्तव्य नाही.

झुवारीकाठ

अबोलीताई, मनापासून आभार. स्ट्रोब घेईपर्यंत मला व्हिडिओ लाइटवरच काम काढावे लागेल. एका दुकानात त्याच्या ल्युमेनचा, म्हणजे एकूण प्रकाशाचा, मोठा आकडा दाखवून तो विकला गेला होता. प्रकाश भरपूर पडतो, तरी लाल स्पंज विटकरी दिसतो. शिवाय मला व्हिडिओही हवा आहे, कारण रापणकार म्हणतात तसे गोबऱ्याचे रंग बदलणे स्थिरचित्रात सापडणार नाही. व्हिडिओसाठी काही निराळे करावे लागते का?

वेळाघाट

व्हिडिओवर माझे रोजचे काम चालते, म्हणून याचे उत्तर मी देतो.

लाइट घेताना ल्युमेनपेक्षा त्याच्या वर्णपटाकडे पाहावे. एलईडी लाइटच्या खोक्यावर सीआरआय म्हणून रंग किती खरे दिसतात हे सांगणारा जो आकडा छापतात, तो पहिल्या आठ फिकट नमुना-रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचा नमुना नववा, त्याला आर-नाइन म्हणतात, आणि तो त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ऐंशी असलेल्या लाइटचा आर-नाइन अगदी कमी असू शकतो, आणि तुमचा स्पंज विटकरी दिसण्याचे कारण पाण्याइतकेच लाइटमध्येही असण्याची शक्यता आहे. खात्री करायची तर घरी रात्री सगळे दिवे बंद करून त्या लाइटच्या उजेडात पिकलेला टोमॅटो आणि कोकमाची ओली साल यांचे चित्र घ्यावे, आणि तेच दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या उजेडात घेऊन दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. जो लाल घरातच येत नाही, तो समुद्रात येणार नाही.

व्हिडिओची खरी अडचण अशी की बहुतेक कॅमेऱ्यांत तो रॉ स्वरूपात मिळत नाही. कॅमेरा व्हाइट बॅलन्स लावून, रंगाची माहिती आकसून, आठ बिटांत बसवून देतो. त्यात लाल वाहिनी, म्हणजे चित्रातली लाल रंगाची नोंद, जवळजवळ रिकामी असेल तर नंतर ती कितीही ओढली तरी सपाट भागांवर पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात आणि दाणे वर येतात. म्हणून व्हिडिओत पाण्याखालीच हाताने व्हाइट बॅलन्स घेणे अपरिहार्य आहे. कॅमेऱ्यात दहा बिट आणि लॉग प्रोफाइल (उजेड-अंधाराची अधिक माहिती राखणारी नोंदपद्धत) असेल तर ते वापरावे, पण त्याने व्हाइट बॅलन्स घेण्याची गरज संपत नाही. स्वयंचलित ठेवल्यास आणखी एक घोटाळा होतो: एकाच सलग दृश्यात तुम्ही दोन मीटर वर आलात किंवा चौकटीत पिवळा मासा शिरला की सगळा रंग सरकतो, आणि गोबऱ्याने रंग बदलला की कॅमेऱ्याने, हे नंतर सांगता येत नाही. झुवारीकाठ यांच्या हेतूला तर हे अगदीच मारक आहे.

व्हाइट बॅलन्स घेण्याची माझी रीत अशी. राखाडी पाटी विषयाच्या शेजारी, विषय जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतरावर, आणि विषयावर ज्या दिशेने प्रकाश पडतो त्याच दिशेला तोंड करून धरायची. बहुतेक जण पाटी स्वतःच्या हातात, मास्कसमोर धरून माप घेतात आणि मग तीन मीटरवरचा मासा टिपतात. मधल्या पाण्याचा हिशेब त्यात राहून जातो. खोली दोन-तीन मीटरने बदलली, ढग आला, किंवा सूर्य पाठीमागून समोर आला, की नवे माप घ्यायचे. पांढऱ्यापेक्षा राखाडी पाटी बरी, कारण उथळ पाण्यात पांढऱ्या पाटीचा हिरवा चटकन जळतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेला जातो, आणि कॅमेऱ्याला चुकीचे प्रमाण मिळते. काही कॅमेरे दहा-बारा मीटरखाली माप घ्यायला नकारच देतात, कारण त्यांच्या आवाक्याबाहेरचा लाल त्यांना लागतो. तेथे मग फिल्टर लावून माप घ्यावे किंवा लाइटच्या टप्प्यात जावे.

लाइट आणि सूर्यप्रकाश यांची सरमिसळ मात्र टाळावी. सूर्याच्या प्रकाशासाठी घेतलेल्या मापावर लाइट पेटवला की जवळचा भाग लालभडक आणि दूरचा बरोबर दिसतो. एका दृश्यात कोणता प्रकाश प्रमुख, हे आधी ठरवावे आणि त्याप्रमाणे माप घ्यावे.

रापणकार

यात भरती-ओहोटीचा विचार कोणीच केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ओहोटीला झुवारीचे गढूळ पाणी बाहेर येते आणि भरतीला समुद्राचे पाणी आत सरकते. त्यामुळे भरती पूर्ण होण्याच्या सुमाराला पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे कमी चढउताराच्या भरतीला, ओढ कमी असते आणि तळाचा गाळ कमी ढवळतो. बोटवाले त्यांच्या सोयीने सकाळी निघतात, पण तारीख निवडणे तुमच्या हातात आहे. मार्च ते मे या काळात कधी कधी पाण्यावर भुशासारखे पिवळट तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्मजीवांचे असतात आणि त्यांचा दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अभ्यास झालेला आहे. त्या पट्ट्यांखालचे रंग सुधारण्याच्या भानगडीत पडू नये.

काजूबागा

मी पाण्यात उतरत नाही, फक्त संगणकावर चित्रे सुधारतो. आता एका बटणावर पाण्याखालचे रंग परत आणणारी सॉफ्टवेअर मिळतात, मग एवढा खटाटोप कशासाठी? २०१९ मध्ये सी-थ्रू नावाची पद्धत आली, तिने पाणीच काढून टाकल्यासारखी चित्रे मिळतात असे वाचले होते.

प्रकाशमापक

सी-थ्रू ही दर्या अक्कयनक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी मांडलेली पद्धत आहे, आणि तिचे महत्त्व बटणात नाही, भौतिकशास्त्रात आहे. त्यापूर्वीच्या बहुतेक पद्धती धुक्याच्या चित्रांसाठीचे समीकरण पाण्याला लावत असत. त्यात असे गृहीत होते की वस्तूवरून येणारा प्रकाश ज्या गतीने घटतो, त्याच गतीने मधल्या पाण्यातून विखुरलेला प्रकाश चित्रात मिसळत जातो. या दोघांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की पाण्यात या दोन गतींचे गुणांक वेगळे असतात, आणि पहिला तर वस्तूचा रंग, अंतर आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांवरही अवलंबून असतो. सी-थ्रू चित्रातल्या प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर मागते. ते अंतर एकाच जागेची अनेक कोनांतून चित्रे घेऊन काढतात, आणि चित्र रॉ स्वरूपातले, भोवतालच्या प्रकाशात घेतलेले लागते. पोहून जाणाऱ्या माशाचे अनेक कोनांतून सारखे चित्र मिळत नाही, आणि स्ट्रोबच्या चित्रांसाठी ही पद्धत मुळात बनवलेलीच नाही. खडक आणि प्रवाळ यांच्यासाठी ती उत्तम आहे.

बाजारातली बहुतेक एक-बटणी साधने वेगळे काहीतरी करतात. लाल वाहिनी रिकामी दिसली की हिरव्या वाहिनीचा काही भाग तिच्यात ओततात, किंवा आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून येथे काय असावे याचा अंदाज करून रंग भरतात. चित्र डोळ्यांना सुखावते. पण हिरव्यातून उसना घेतलेला लाल हा माशाचा नसतो. दोन ठिपके, एक लाल आणि एक तपकिरी, दोन्ही जर लाल प्रकाशाअभावी सारखेच काळपट नोंदले गेले असतील, तर कोणतेही गणित त्यांना पुन्हा वेगळे करू शकत नाही. नोंदवहीत असे चित्र घालायचे झाल्यास ते तसे सुधारले आहे हे खाली लिहावे, एवढेच मी म्हणेन. कौटुंबिक सहलीच्या व्हिडिओला खुशाल वापरावे.

अबोली

प्रवाळांविषयी एक भर घालते. प्रवाळांचे विरंजन, म्हणजे त्यांच्यातले सहजीवी शैवाल निघून जाऊन ते पांढरे पडणे, नोंदवायचे असेल तर चित्राच्या रंगावर विसंबू नये. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाने एक तक्ता तयार केला आहे. त्यावर फिकटापासून गडदापर्यंत सहा श्रेणी आहेत आणि प्रवाळाशेजारी तक्ता धरून जुळणारी श्रेणी डोळ्यांनी वाचायची असते. तक्ता आणि प्रवाळ एकाच पाण्यात, एकाच प्रकाशात असल्यामुळे पाण्याचा परिणाम दोघांवर सारखाच होतो. चित्र घेतलेच तर तक्ता चौकटीत ठेवून घ्यावे. मात्र तक्ता किंवा पाटी प्रवाळावर टेकवू नये, कारण एक तर प्रवाळ दुखावतो, आणि दुसरे म्हणजे आपल्याकडे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ग्रँड आयलंडला प्रवाळ मोजकेच आहेत, आणि तेथे येणाऱ्यांतले बरेचसे पहिल्यांदाच पाण्याखाली उतरणारे असतात. त्यांच्या पायपंखांपासून जे वाचले आहे ते आपल्या पाटीने जाऊ नये.

झुवारीकाठ

हे सगळे वाचून काम कसे करायचे ते बरेचसे स्पष्ट झाले आहे. प्रत्येक बैठकीत पहिले चित्र पाटीचे, मग अर्ध्या मीटरच्या आत जाऊन माशाचे, नोंदीत वेळ, खोली, भरतीची स्थिती आणि वर्तन, असे ठरवतो. एकच शंका उरली. चोवीस रंगांचा छायाचित्रणाचा तक्ता पाण्यात टिकत नाही. त्याऐवजी छापील राखाडी कागद लॅमिनेट करून नेला तर चालेल का?

प्रकाशमापक

लॅमिनेट केलेला कागद नेऊ नये. साध्या पांढऱ्या कागदात चकाकी आणण्यासाठी अशी रसायने घालतात, जी अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. उथळ पाण्यात अतिनील प्रकाश पुरेसा असतो, खोलवर नसतो. त्यामुळे त्या कागदाचा रंग खोलीबरोबर बदलतो, आणि ज्यावर आपण माप घेणार तीच वस्तू बदलत गेली तर मापाला अर्थ राहत नाही. शिवाय लॅमिनेशनचा पृष्ठभाग चकचकीत असतो, सूर्याची तिरीप त्यावर पडली की माप बिघडते.

टेफ्लॉनचा जाड तुकडा सर्वांत चांगला. तो सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच परतवतो, पाणी पीत नाही, आणि हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात पत्र्याच्या रूपात कापून मिळतो. तो पांढरा असल्यामुळे वेळाघाट यांनी सांगितलेली जळण्याची अडचण येईल, म्हणून माप घेताना एक्स्पोजर एक स्टॉप कमी करावे. तेवढा खर्च नको असेल तर राखाडी पीव्हीसीचा मंद पृष्ठभागाचा तुकडा घ्यावा, बारीक पॉलिशपेपरने चकाकी उतरवावी आणि एकदा घराबाहेर उन्हात त्याचे रॉ चित्र घेऊन तिन्ही वाहिन्यांचे आकडे जुळतात का ते पाहावे. थोडा फरक निघालाच तर तो लिहून ठेवून प्रत्येक चित्रात तेवढाच वजा करता येतो. तुकड्याला भोक पाडून दोरीने जॅकेटच्या कडीला अडकवावा, आणि हंगाम संपल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवावा; उन्हात राहिलेले पीव्हीसी पिवळे पडते.